लसीचे दोन डोस झाले, तरी अँटीबॉडी निगेटिव्ह?

प्रश्न : मी लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कांजिण्यांच्या लसीचे दोन्ही डोस झालेत, कार्डही आहे. वॉर्डात पोस्टिंगआधी ‘व्हीझेडव्ही आयजीजी’ (कांजिण्यांच्या विषाणूविरुद्धची अँटीबॉडी) तपासायला सांगितलं. एका लॅबचा रिपोर्ट निगेटिव्ह, दुसरीचा ‘इक्विव्होकल’ (धड हो नाही, धड नाही नाही). खरा कोणता?

उत्तर : ताई, दोन्ही खरे असू शकतात. निगेटिव्हचा अर्थ एवढाच की त्या किटला पुरेशी अँटीबॉडी सापडली नाही.

नेहमीच्या एलायझात (अँटीबॉडी मोजण्याची प्लेटवरची तपासणी) प्लेटच्या खाचांना विषाणूबाधित पेशींचा अर्क लावलेला असतो. कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात अँटीबॉडी भरपूर असते, ती सहज पकडली जाते. लसीनंतरची पातळी बरीच कमी असते आणि नेमकं तिथंच हे किट कमी पडतं. अर्काऐवजी विषाणूचं शुद्ध केलेलं ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेलं प्रथिन) वापरणारा एलायझा जास्त पकडतो. लसीच्या अभ्यासांत तोच वापरतात.

या सगळ्या तपासण्या ज्या तपासणीशी ताडून बघतात, ती म्हणजे ‘फामा’. फिक्स न केलेल्या जिवंत बाधित पेशींवर सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घालायचं, मग माणसाच्या अँटीबॉडीला चिकटणारी, चमकणारी अँटी-ह्यूमन अँटीबॉडी, आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली पेशीभोवती कडं दिसतं का ते बघायचं. १:४ किंवा त्याहून जास्त टायटर (सीरम चौपट किंवा अधिक पातळ करूनही कडं दिसणं) म्हणजे संरक्षण आहे असं धरतात. पण त्याला सेल कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) लागतं, सरावलेला डोळा लागतो. जिल्ह्याच्या लॅबमध्ये हे कुठून होणार? लेटेक्स कार्डची तपासणी (अँटीबॉडी असली की लेटेक्सच्या कणांच्या गुठळ्या होतात) काही मिनिटांत होते, मात्र गुठळ्या ओळखणं वाचणाऱ्यावर अवलंबून. शिवाय अँटीबॉडी फार जास्त असली तर गुठळ्या होतच नाहीत; सीरम पातळ करून पुन्हा लावावं लागतं.

एका किटचा इंडेक्स आणि दुसऱ्याचे मिली आययू ही वेगवेगळी मोजमापं आहेत, त्यांची तुलना करू नका. तुलना करायचीच तर एकाच नमुन्याचे दोन भाग करा. साध्या किंवा जेल ट्यूबमध्ये ३ मिली रक्त, अर्धा तास गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं, २ ते ८ अंशांवर. मे महिन्यात उदगीरहून अख्खं रक्त तसंच कुरिअरने पाठवलं तर पेशी फुटून नमुना लाल होतो आणि लॅब तो परत करते.

तुम्हाला मात्र यातलं काहीच नको. दोन डोसांची नोंद हाच पुरावा. लसीनंतर ही तपासणी करूच नये. कार्ड दाखवा. तिसरा डोस नको.

प्रश्न : नातवाच्या अंगावर पाण्याचे फोड आलेत. आयजीएम करावं का? (परभणी)

उत्तर : नको. आयजीएम म्हणजे नव्या संसर्गात आधी तयार होणारी अँटीबॉडी; पण कांजिण्या डोळ्यांनीच ओळखतात. शंका असेल तर फोडाच्या तळाचा स्वॅब किंवा खपली पीसीआरला द्या. आयजीएम हर्पिस सिम्प्लेक्स या त्याच कुळातल्या विषाणूनेही पॉझिटिव्ह येऊ शकतं. घरात गरोदर सून असेल, तिला कांजिण्या येऊन गेल्याचं आठवत नसेल आणि लसही झालेली नसेल, तर पैसे तिच्या आयजीजीवर खर्च करा, तेही लगेच : निगेटिव्ह आलं तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) संपर्कानंतर १० दिवसांच्या आत द्यावं लागतं, आणि गरोदरपणात लस चालत नाही.