लेखणी थांबते तेव्हा

दोन महिने एक ओळही सुचलेली नाही, असे तुम्ही कळवलेत. आपल्यातला लेखक संपला, हा निष्कर्ष कृपया इतक्या घाईने काढू नका. आमच्या हर्णै बंदरात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो; परंतु त्या दिवसांत कोळी बांधव होड्या शाकारून ठेवतात आणि जाळ्यांची फाटलेली वीण सांधत बसतात.

माझेही लेखन एकदा आठ महिने थांबले होते. रोज कोऱ्या कागदासमोर हट्टाने बसल्यामुळे माझी भीती तेवढी वाढली. अखेरीस कथेचा नाद सोडून मी केवळ नोंदी ठेवू लागलो. कोकमे फोडणाऱ्या शेजारच्या काकूंच्या नखांत उतरलेला लाल रंग आणि चहाच्या कपाच्या कानावर उमटलेला त्यांच्या बोटाचा ठसा, एवढेच एका सकाळी लिहिले. पुढच्या वर्षी त्या ठशापासूनच एक कथा सुरू झाली.

तुम्हीही रोज पाच ओळी लिहा, शक्यतो विशेषणांवाचून, आणि महिनाभर त्या वाचू नका. जुने अर्धवट लेखन हाताने पुन्हा उतरवून काढा. हात अडखळेल तिथे खूण करा. मात्र झोप आणि भूकही हरवली असेल, कशातच मन रमत नसेल, तर तो लेखनाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डॉक्टरांना अवश्य भेटा. पहिल्या महिन्याच्या नोंदी मला जरूर पाठवा; मी त्या मनापासून वाचेन.