झेब्रा लोच नदीत सोडून देऊ का?

नका सोडू. दुकानातून घेतलेला झेब्रा लोच हा मासा आपल्याच नद्यांमधला आणि धोक्यात आलेला निघाला, म्हणून तुमच्याकडचे तीन मासे जवळच्या नदीत सोडायचं तुमच्या मनात आहे. माहिती खरी आहे, पण त्याने नदीचं भलं होणार नाही.

बोटिया स्ट्रिआटा हे त्याचं शास्त्रीय नाव. प्राणिशास्त्रज्ञ नारायण राव यांनी १९२० साली तुंगा नदीतल्या माशांवरून या जातीचं वर्णन केलं. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या सह्याद्रीबाहेर तो जगात कुठेच नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. टाकीत तो सहजासहजी अंडी घालत नाही, त्यामुळे बाजारातले बरेचसे मासे ओढ्या-नद्यांतूनच धरलेले. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या ३० जातींचे १५ लाखांवर गोड्या पाण्यातले मासे परदेशी गेले, त्यात सर्वाधिक गेलेल्या जातींत हा एक.

पण सगळं खापर मासे पाळणाऱ्यांवर फोडू नये. हा तळाला राहणारा मासा. गोट्यांमधल्या फटी हेच त्याचं घर. वाळूउपसा झाला, वर डोंगर फोडला, की गाळ येऊन त्या फटी बुजतात. वरून पाणी नितळ दिसतं, पण त्याला लपायला जागा उरलेली नसते. त्यात धरणं, शेतातली कीटकनाशकं, कारखान्यांचं सांडपाणी आणि बाहेरून आणलेला तिलापिया मासा. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तर आता कुणाला नवीन वाटत नाहीत.

अशा ठिकाणी टाकीतले मासे सोडले तर ते स्वतः जगतीलच असं नाही. वर दुकानातल्या टाक्यांमधले परदेशी माशांचे रोग आणि परजीवी नदीत जातील, ते वेगळंच.

घरीच नीट सांभाळा. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू घाला. टोकदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. दगडांच्या कपारी करून द्या. कधीकधी तो मेल्यासारखा आडवा पडून राहतो, घाबरू नका, ती त्याची झोपायची तऱ्हा. डोळ्याखाली त्याला एक काटा असतो, घाबरला की तो बाहेर काढतो आणि जाळीत अडकतो, म्हणून हलवताना भांड्याने धरा. टाकीत गोगलगाई माजल्या असतील तर त्या तो आवडीने खाईल.

एकच अडचण आहे: हा मासा घोळक्यात खुलतो, पाच-सहा तरी हवेत. पण त्यासाठी दुकानातून आणखी आणू नका. कुणी हौशी त्याच्याकडचे देत असेल तर घ्या, नाहीतर तुमचे तीन हा मासा पाळणाऱ्या एखाद्या हौशीला द्या.