वडिलांना ‘नाही’ म्हणायचं, पण कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय चाळिशीपुढचं, स्वतःचा संसार. ठाण्यात तलावपाळीजवळचं जुनं घर सोडून घोडबंदर रोडला फ्लॅट घ्यायचाय, वडील ठाम नाही म्हणतात. रोज खटके उडतात, आवाज चढतो. हे चौथ्या आज्ञेविरुद्ध (‘आईबापांचा मान राख’) पाप आहे का, आणि त्यांचं ऐकायलाच हवं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. ऐकायलाच हवं असं नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझमचा, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीच्या ग्रंथाचा, २२१७वा परिच्छेद काढून बघा. मूल आईवडिलांच्या घरात वाढत असतं तोवर त्यांची आज्ञा पाळायची, तीही अनीतीची नसेल तर. मूल स्वतंत्र झालं की ते बंधन सुटतं. मान राखण्याचं बंधन मात्र कधीच सुटत नाही. तेव्हा फ्लॅट घेण्यात अपमान नाही. ‘तुम्हाला काय कळतंय, गप्प बसा’ म्हणण्यात आहे, आणि नातवंडांसमोर म्हणण्यात तर फारच.

बायबलमधल्या सिराकच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आज रात्रीच वाचा (प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक बहुधा नसतं, आपल्यात आहे). शब्दाने आणि कृतीने बापाचा मान राख, असं तिथं आहे. पुढं तर त्याची बुद्धी मंदावली तरी सांभाळून घे, तू धडधाकट आहेस म्हणून त्याला तुच्छ लेखू नकोस, असंही बजावलंय.

राहिलं पाप. दमून आल्यावर एखादा तिखट शब्द निसटणं वेगळं आणि ठरवून पाणउतारा करणं वेगळं. मरणप्राय, म्हणजे सगळ्यात गंभीर, पापाला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनाची संमती, तिन्ही लागतात. तरी कन्फेशनला ‘घरात चिडचिड केली’ एवढ्यावर भागवू नका, काय बोललात ते सांगा. वडिलांची माफी वेगळी मागा. तेही टाकून बोलतात, असं तुम्ही लिहिलंय. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात बापांनाही ताकीद आहे, मुलांना चिडीला आणू नका म्हणून. पण म्हणून त्यांच्याच पट्टीत उत्तर द्यायची मोकळीक आपल्याला मिळत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कॅटेकिझमच्या त्याच परिच्छेदात आईवडिलांचा सल्ला आपणहून घ्यावा असं आहे. तुम्ही विचारलंत का? बाबा रोज सकाळी संत योहान बाप्तिस्ता चर्चला चालत मिस्साला (उपासनेला) जातात, हे तुम्ही सहज लिहून गेलात. घोडबंदरला गेल्यावर रिक्षा नाहीतर मुलगा, कुणावर तरी अवलंबून राहणं आलं. त्यांचा नकार घरापेक्षा याच्यासाठी असू शकतो. टीव्ही बंद करून शेजारी बसा. कमी ऐकू येत असेल तर जवळ सरका, ओरडू नका. ‘बाबा, तिकडं गेल्यावर तुमच्या मिस्साचं कसं करायचं, तुम्हीच सांगा.’ त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत मोबाईलला हात नको. आणि ब्रोकरपुढे, ते तिथंच बसलेले असताना, ‘त्यांचं काय, ते येतील’ हे तर मुळीच नको.

एवढं करूनही जायचंच ठरलं, तर सरळ सांगा: ‘बाबा, तुमचं सगळं ऐकलं. तरी आम्ही जायचं ठरवलंय, आणि तुम्ही आमच्याबरोबर हवे आहात.’ एकदाच सांगा, मग रोज तो विषय उकरून काढू नका.