तळ्यातला मासा, नदीतला मासा

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत सिएटलजवळ असतो. तो सांगत होता, तिकडे सरकारी हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) स्टीलहेड माशाची पिल्लं नदीत न सोडता तलावात सोडली. समुद्रात जाणारा मासा तलावात कोंडायचा, म्हणजे पैसा पाण्यातच की! आमच्या तळ्यात जिताडा आहे, शिवाय रोहू-कटला. यंदा रोहूचं बीज (बारीक पिल्लं) जास्त झालंय. मंडळाची पोरं म्हणतात, नदीत सोडू. सोडावं का?
– एक वाचक, पेण

उत्तर : भाचा खरं सांगतोय, पण अर्धंच. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही जात एकच. गोड्या पाण्यातच जन्म काढतो तो ट्राउट. समुद्रात जाऊन पोसतो आणि अंडी घालायला नदीत परततो तो स्टीलहेड. सिएटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीला मिळणाऱ्या नद्यांतला रानटी स्टीलहेड २००७ साली कायद्याने धोक्यातला ठरला. हॅचरीची पिल्लं पिढ्यानपिढ्या हौदात आयतं खाऊन वाढलेली. त्यांचा रानटी माशाशी संकर झाला की पुढची पिल्लं नदीत नीट तगत नाहीत. शेवटी एक संस्था न्यायालयात गेली, २०१४ मध्ये तडजोड झाली आणि बहुतेक नद्यांत सोडणं थांबलं. पिल्लं मात्र हौदात तयार! मग समुद्राकडे वाट नसलेल्या तलावांत, गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी, ती सोडली. पैसा थोडा पाण्यात गेला, कबूल. मला तरी तो निर्णय बरोबर वाटतो. वाहतं पाणी आणि खडी मिळाली नाही, तर त्या माशाचा वंश पुढे चालत नाही, आणि इथे तेच हवं होतं.

तुमच्या जिताड्याची तऱ्हा उलटी. तो गोड्या तळ्यात जावयाच्या ताटात शोभेल एवढा होतो, पण अंडी घालायला त्याला खारं पाणीच लागतं. (पिल्लं आकाराप्रमाणे वेगळी करता ना? नाहीतर मोठी धाकट्यांना गिळतात आणि आपण बीजवाल्याला शिव्या घालतो.)

आता नदीचं. नको, अजिबात नको. रोहू-कटला मुळात गंगेकडचे, आपल्या नद्यांतले नव्हेत. पोरांना हौस असेल तर जास्तीचं बीज शेजारच्या बंदिस्त शेततळ्यात द्या.

त्याहून मोठी काळजी तुमच्या सांडव्याची. मृगाच्या पहिल्या लोंढ्यात चढणीचे मासे ओढ्याने वर येतात, नेमकं तेव्हाच तुमचं तळं भरून वाहणार आणि तुम्ही न सोडताही रोहू नदीत पोचणार. मे महिन्यातच बांध दुरुस्त करा. सांडव्याला दोन जाळ्या लावा, तळ्याच्या बाजूला मोठ्या भोकाची, तिच्या मागे बारीक. एकच बारीक लावलीत तर पालापाचोळ्याने तुंबेल आणि पाणी बांधावरून जाईल. जोराचा पाऊस असला की सकाळ-संध्याकाळ कचरा काढायला माणूस हवा. ते काम मंडळाच्या पोरांना द्या.