रेडपोल एक झाले, मग गालापागोसचे फिंच वेगळे का?

ताई, तुम्ही विचारलंय की टोरांटोला मुलीच्या फीडरवर (पक्ष्यांना दाणे ठेवतात त्यावर) कॉमन आणि होअरी असे दोन रेडपोल, म्हणजे कपाळावर लाल ठिपका असलेले छोटे फिंच पक्षी, बघितले, नोंदवले, आणि आता यादीत दोन्हींची एकच जात झाली. डीएनए मिसळलाय म्हणून एक केले असतील तर पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांवरचे फिंच पण आपसात मिसळतात, त्यांना का वेगळं ठेवलंय? प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी रेडपोल. 2015 मध्ये त्यांच्या जीनोममधली, म्हणजे सगळ्या डीएनएमधली, वीस हजारांवर ठिकाणं तपासली तर गट पडलेच नाहीत, सगळी सरमिसळ. मग होअरीचा पांढुरका रंग आणि ती बारीकशी चोच येते कुठून? ते 2021 ला कळलं. एका क्रोमोसोमवरचा (डीएनएच्या एका लांब धाग्यावरचा) सुमारे साडेपाच कोटी डीएनए-अक्षरांचा तुकडा काही पक्ष्यांत उलटा बसलाय, पुस्तकाचा अख्खा फर्मा उलटा शिवला जावा तसा. उलटा आणि सुलटा तुकडा एकमेकांशी अदलाबदल करत नाहीत, त्यामुळे रंगाचे नि चोचीचे जीन एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात, आणि ज्याला आईबापांकडून एक उलटा नि एक सुलटा मिळाला तो दिसायला मधला. बाकी जीनोममध्ये सीमा नाहीच. म्हणून 2024 ला अमेरिकेच्या पक्षिशास्त्र संस्थेने एकच जात धरली. मला हे पटतं, कारण दिसण्यातला जो फरक आपण दोन जातींचा समजत होतो तो बहुतांश त्या एका तुकड्याचा आहे.

आता गालापागोस. तिथेही चोच टोकदार की बोथट हे ठरवण्यात एएलएक्स1 नावाच्या जीनचा मोठा हात आहे, आणि मीडियम ग्राउंड फिंच या एकाच जातीत त्याची दोन्ही रूपं सापडतात, म्हणजे नुसता तो जीन बघून जात सांगता येत नाही. पण पीटर आणि रोझमेरी ग्रांट यांनी 1973 पासून डॅफ्नी मेजर बेटावर पिढ्यानपिढ्या पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालून बघितलं की कॅक्टस फिंच आणि मीडियम ग्राउंड फिंच शेजारी राहूनही जोडीदार बहुतेक आपल्यातलाच निवडतात, कारण नर पिल्लू गाणं बापाकडून शिकतं आणि मादी गाणं नि चोच दोन्ही बघते. संकर होतो, पण क्वचित. खाणंही वेगळं. डीएनए थोडा मिसळला तरी जगणं वेगळं राहिलंय, जात टिकते ती त्याच्यावर.

आणि दिसण्यावर फार भिस्त ठेवू नका. हे गालापागोसवाले खरे फिंच नाहीतच, टॅनेजर कुळातले आहेत, आणि बडोद्याच्या शेतांत दिसणारी आपली मुनिया पण फिंच कुळातली नाही, बी फोडणारी चोच दोघांकडे आपापली आली. खरा फिंच बघायचाय तर हिवाळ्यात आपल्याकडे येणारा कॉमन रोझफिंच बघा, त्याचा पहिल्या वर्षाचा नर हुबेहूब मादीसारखा तपकिरी असतो, लाली नंतर येते.

जुन्या नोंदी काढून टाकू नका, होअरी आता त्या एका जातीतला गट म्हणून लिहिता येतो. मुलीला सांगा, फोटो घेताना कंबरेवरचा भाग, शेपटीखालची पिसं आणि चोच बाजूने, एवढं यायला हवं, रेघा किती आहेत ते तिथेच कळतं. नर-मादी आणि वय लक्षात घेतल्याशिवाय पांढुरक्या पक्ष्याला होअरी म्हणायचं नाही, कॉमनचा पूर्ण वाढलेला नरही बराच फिकट असतो.