'ज्याचं त्याचं मत' म्हणणाऱ्यांनी एकदा मिरजेला जाऊन यावं

प्रश्न असा आहे: सौंदर्य वस्तूत असतं की पाहणाऱ्याच्या मनात, आणि एकाच गोष्टीनं एकाला रडू येतं तेव्हा दुसरा जांभई का देतो?

कांट, मर्ढेकर, रा. भा. पाटणकर या सौंदर्यावर विचार मांडणाऱ्यांवर इथे कुणीतरी लिहीलच. मी तंबोऱ्याबद्दल लिहिते. कारण 'सगळे मनाचे खेळ' हे वाक्य मला दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, ऐकवलंय आणि त्याचं उत्तर मी अकरा वर्षं तोंडात धरून बसले आहे.

बाबा गेले तेव्हा त्यांचा तंबोरा मागे राहिला. पुरुषी, साडेचार फुटी, एका खोलीत मावेना असा. चार वर्षं गवसणीत घालून कपाटामागे उभा होता. घर आवरताना दादा म्हणाला, "विकून टाक. हातभर इलेक्ट्रॉनिक तंबोरा मिळतो, सेम आवाज." मी म्हटलं, सेम नाही. तो म्हणाला, "तुला तसं वाटतं. मोजून दाखव."

आता गंमत बघा, ते मोजता येतं. तारेतून मूळ स्वरासोबत वरचे बारीक स्वरही निघतात, ते उपस्वर. तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू (त्या उपस्वरात तार जिथे हलत नाही ती जागा) येतो ते उपस्वर ऐकूच येऊ नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली हे लिहून ठेवलंय. करामत घोडीची, म्हणजे भोपळ्याच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची. ती रुंद आणि किंचित गोलाईची असते, वर तारेखाली सुताचा धागा सरकवलेला. तार कंप पावताना घोडीच्या पाठीला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि वरचे उपस्वर जागे होतात. तंबोऱ्यात गांधाराची ('ग'ची) तार नसते, तरी खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेतून गांधार निघतो. तो तिचा पाचवा उपस्वर. इंजिनिअर माणसाला हे मी सांगायचं!

पण बाबांच्या तंबोऱ्यातून यातलं काहीच निघत नव्हतं. जवारी, म्हणजे घोडीची ती घासून आणलेली गोलाई आणि तिच्यातून येणारी झणझण, पार उतरली होती. म्हणून मी तो मिरजेला नेला. दीडशेहून जास्त वर्षं तिथे हे काम चालतं, मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार सतारीकडे वळले ते तिथेच. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. उशिराच.)

कारागीर सत्तरीचे. पहिला प्रश्न, "बंद पाहिजे का खुली?" म्हणजे जवारीचा आवाज दबका हवा की मोकळा. मी म्हटलं, बाबांची होती तशी. "ते कसे गायचे?" खर्जात, सावकाश. "मग फार खुली नको." एवढं बोलून त्यांनी कानस उचलली. दोन हात मारायचे, तार चढवायची, धागा सरकवायचा, छेडायचं, मान हलवायची, परत तार उतरवायची. दीड तास हेच. मला कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. बाजूला दोन पोरं भोपळा घासत होती, एक गिऱ्हाईक खुंट्यांचा भाव करत होतं, चहावाला पोऱ्या कप गोळा करत होता.

आणि मग खर्ज लागला. गांधार असा वर आला की जणू आतल्या खोलीत कुणी गायला बसलंय. घासणारे हात थांबले. गिऱ्हाईक बोलता बोलता गप्प झालं. चहावाला पोऱ्यासुद्धा वळून बघायला लागला. कुणी 'वा' म्हटलं नाही. कारागिरांनी कानस खाली ठेवली, बस्स. पाच माणसांनी एकमेकांना विचारून माना वर केल्या होत्या का?

तर माझं मत: आधी वस्तूत काहीतरी असावं लागतं. बंद की खुली ही आवड, तिथे भांडण नाही. पण उतरलेली जवारी आणि बसलेली जवारी यांतला फरक ही आवड नव्हे. तो ज्याला ऐकू येत नाही त्याचा कान कच्चा आहे, आणि 'ज्याचं त्याचं मत' हे कच्च्या कानाचं पांघरूण आहे. घरी आणून वाजवला तेव्हा आई रडली आणि दादा म्हणाला, "माशा घोंगावतायत." किती वर्षं मी हा प्रसंग पुरावा म्हणून सांगत आलेय.

आता एक कबुली. आई रडली ती तार छेडण्याआधी. मी गवसणी काढली, आतून डांबरगोळ्यांचा आणि बाबांच्या तपकिरीचा वास आला, तेव्हाच तिनं पदर डोळ्यांना लावला होता. तंबोरा फुटका असता तरी ती रडलीच असती. मिरजेच्या दुकानात उलट कुणाच्याच डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यामुळे रडू का येतं याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे: ते बरंचसं आपल्या आपल्या घरातून येतं. सुंदर काय हे ठरवायला ते साक्षीला काढू नका, मी काढलं होतं तसं.

आणि हो, शेजाऱ्यांची झोप, खोलीचा आकार, दमट हवा, या सगळ्यापायी रोजच्या रियाजाला मीही मोबाइलवरचाच तंबोरा लावते. पोट भरतं त्यानं. पण घरात जुना तंबोरा असेल तर विकण्याआधी एकदा जवारी नीट बसवून घ्या, आणि मग तो विकून टाका म्हणणाऱ्याला समोर बसवून खर्ज ऐकवा.

दादा, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. पंचमाची तार तुटलीय. पुढच्या महिन्यात मिरजेला जायचंय, तंबोरा बसमध्ये मावत नाही. गाडी तुझी. दुकानात दीड तास बसायचंही तूच.