शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकतो आणि मालक दाद देत नाही. कायद्याने काय करता येईल?

कुत्रा भुंकतो एवढ्यावरून कायद्याच्या दृष्टीने उपद्रव सिद्ध होत नाही. आवाज किती वेळा, किती वेळ आणि कोणत्या वेळी होतो, आणि सर्वसाधारण सहनशक्तीच्या माणसालाही त्यामुळे घरात राहणे अवघड होते का, हे पाहिले जाते. म्हणून प्रथम पुरावा जमवावा. ‘रात्री १.१० ते १.५०, सलग भुंकणे, खिडक्या बंद असूनही झोपमोड’ अशी तारीखवार नोंद, स्वतःच्या खोलीतून केलेले ध्वनिमुद्रण आणि दुसऱ्या शेजाऱ्याचे लेखी निवेदन यांना तक्रारीतल्या संतप्त विशेषणांपेक्षा कितीतरी अधिक वजन असते. त्यानंतर मालकाला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी आणि उपयोग न झाल्यास स्थानिक प्रशासनाकडे किंवा पोलिसांकडे तक्रार करावी. मालक भाडेकरू असेल, तर घरमालकाला कळवणे पुष्कळदा अधिक लवकर फळते.

दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागता येते. पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात, त्यामुळे आधी वकिलाची नोटीस पाठवावी आणि मागणी ‘कुत्रा रात्री घरात ठेवावा’ इतकी नेमकी असावी. कुत्रा सतत बांधलेला किंवा उपाशी दिसत असेल, तर प्राणी-क्रूरतेची तक्रार हा वेगळा मार्ग आहे. कुत्र्याला इजा मात्र करू नये, कारण मग आरोपी आपणच ठरतो.